समुद्रे सरांची भरती

शोकसभेत मुख्याध्यापकांनी मेश्राम सरांना ‘ज्ञानाचा सागर’ म्हटलं आणि मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. ते मीच. सगळ्या माना वळल्या, मी खोकल्याचं नाटक केलं. पण दाराशी खाकी वर्दीत उभी असलेली एक पोरगीसुद्धा रुमालाआड हसत होती, आणि ती तर खास सुट्टी काढून रडायला आलेली. तिचं नाव प्रज्ञा, सरांची विद्यार्थिनी. सागर म्हटल्यावर आम्हा दोघांना एकच दिसलं असणार: खरोखरचा समुद्र, आणि त्यात सीटपर्यंत बुडालेली सरांची फटफटी.

स्टेजवरच्या फ्लेक्सची वेगळीच गंमत होती. तो छापणाराही सरांचाच विद्यार्थी. त्यानं बिनधास्त ‘कालकथित समुद्रे सर’ असं छापून आणलं होतं. ऐन वेळी कुणाच्या तरी लक्षात आलं, म्हणून वर कागद चिकटवून स्केचपेननं ‘मेश्राम’ केलं. पंख्याच्या वाऱ्यानं तो कागद उडायचा आणि खालून समुद्रे वर यायचे. इकडे मुख्याध्यापक सांगत होते, सर शिस्तप्रिय होते, मितभाषी होते. मितभाषी! बाप्पा! सर बोलायला लागले की समोरच्याची एसटी निघून जायची, आणि वर ‘जाऊ दे, दुसरी येते’ असं सरच सांगायचे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायची आपल्याकडे पद्धत आहे, कबूल. पण निदान त्याच माणसाबद्दल तरी बोलावं. म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावं.

आमची शाळा नागभीड-सिंदेवाही रस्त्यावरून आत, धानाच्या बांध्यांमध्ये. मी इंग्रजी शिकवतो, म्हणजे पोरं आणि मी मिळून इंग्रजीचा जीव घेतो. सर भूगोल शिकवायचे. महाराष्ट्राच्या नकाशात समुद्र पार डाव्या अंगाला आणि आम्ही पार उजव्या अंगाला. आमच्यापुढं गडचिरोली, की संपला महाराष्ट्र. आमच्या पोरांनी पाणी पाहिलेलं ते गावच्या बोडीत, नाहीतर तलावात, फार तर वैनगंगेत. अशा ठिकाणी हा माणूस जन्मभर समुद्र शिकवत राहिला, आणि तोही प्रेमात पडल्यासारखा. निळ्या खडूशिवाय फळ्यावर समुद्र काढायचे नाहीत. निळा खडू संपला तर ‘आज समुद्र आटला, उद्या पाहू’ म्हणून तास सोडून द्यायचे. शर्टाच्या खिशाला कायम निळा डाग. केसांना कलप लावायचे, पण मिशी विसरायचे, त्यामुळे वरून चाळिशीचे आणि खालून साठीचे दिसायचे. पोरांनी नाव ठेवलं समुद्रे. नव्या पालकांना ते आडनावच वाटायचं. ‘समुद्रे गुरुजी हायेत का?’ असं विचारत कुणी आलं, की सर ‘मीच, बोला’ म्हणून उठायचे.

त्यांचा भरती-ओहोटीचा तास बघायला मी माझा वर्ग सोडून खिडकीत उभा राहायचो. एक जाडं पोरगं पृथ्वी. त्याच्या पोटाला एखाद्या पोरीची ओढणी गुंडाळायची, ते समुद्राचं पाणी. एक काटकुळं पोरगं चंद्र, त्यानं पृथ्वीभोवती फिरत फिरत ओढणी आपल्याकडे ओढायची. सूर्य लांब उभा. दरवर्षी चंद्र जरा जास्तच ओढायचा, पृथ्वी त्याला एक ठेवून द्यायची, आणि सूर्य सोडवायला यायचा. ‘सूर्यमालेत असंच चालते,’ सर म्हणायचे, ‘बसा खाली.’

पण ‘भरती’ हा शब्दच आमच्याकडे भलत्या कामाला लागलेला. आमच्याकडे भरती म्हणजे पोलीस भरती. पहाटे कुठल्याही रस्त्यानं जा, भरतीची पोरं-पोरी धापा टाकत पळताना दिसतील. एका वर्षी परीक्षेत प्रश्न होता, भरती-ओहोटी म्हणजे काय. एका पोरानं लिहिलं, ‘जाहिरात निघाली की भरती येते. भरतीले खूप पब्लिक येते. ज्याचा नंबर लागत नाही तो वापस घरी जाते, त्याले ओहोटी म्हणतात.’ सरांनी पैकीच्या पैकी मार्क दिले. मी म्हटलं, ‘सर, हे चूक आहे ना!’

‘चूक काऊन?’ सर म्हणाले. ‘पब्लिक येते, पब्लिक जाते. चंद्राच्या जागी सरकार आहे, येवढाच फरक.’

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, ‘नकाशात आहे म्हंजे आहे.’ या वाक्यापायी मी एकदा मरता मरता वाचलो. गडचिरोलीकडं, धानोऱ्याच्या पुढं, एका विद्यार्थ्याच्या लग्नाला आम्ही त्यांच्या गाडीवर निघालो होतो. त्या गाडीचंही सांगायला हवं. लाल रंगाची जुनी फटफटी, मागं धानाचं पोतं बांधायला लोखंडी कॅरिअर, आणि हॉर्न वाजायचा फक्त डावीकडे वळताना. तोही आपोआप. उजवीकडून कुणी आलं तर सर तोंडानं ओरडायचे. तर भर उन्हाचं जंगलातून जाता जाता डांबर संपलं, मग मुरूम संपला, मग पायवाट संपली, आणि समोर नाला आला. सरांनी नकाशा काढला. नकाशात तिथं ठसठशीत रस्ता होता. बाजूला एक गोंड म्हातारी मोहफुलं वेचत होती. सरांनी तिला नकाशा दाखवला आणि रागानंच म्हणाले, ‘बाई, इथी रस्ता पाह्यजे.’

म्हातारीनं टोपलीतून मानसुद्धा वर केली नाही. ‘आमाले बी पाह्यजे, बापू.’

सर एवढे हसले, एवढे हसले, की नाल्याच्या काठावर बसूनच घेतलं. मग खिशातून पेन्सिल काढून नकाशातल्या त्या रस्त्यावर त्यांनी स्वच्छ अक्षरात ‘पाह्यजे’ असं लिहिलं. लग्न चुकलं, जेवण चुकलं. सरांचं म्हणणं, आजचा दिवस फुकट नाही गेला. माझा गेला होता, पण मला कुणी विचारलं नाही.

आता मुख्य गोष्ट. सरांचं नोकरीचं शेवटचं वर्ष. सातवीचा वर्ग, भरतीचा तास सुरू होणार. पृथ्वी, चंद्र, सूर्य सगळे उभे राहिलेले. आमच्या दोन वर्गांमधली भिंत छतापर्यंत नाही, त्यामुळे इकडचं इंग्रजी तिकडं आणि तिकडचा समुद्र इकडं, असं कायम चालायचं. मला स्पष्ट ऐकू आलं. पहिल्या बाकावरच्या प्रज्ञानं विचारलं, ‘सर, तुमी समुद्र पाह्यला?’

सर खोटं बोलू शकले असते. मी बोललो असतो. ते म्हणाले, ‘नाई.’

‘मंग पानी जाते अन् वापस येते, हे तुमाले कसं माहीत?’

‘पुस्तकात आहे.’

‘पुस्तक तं आमच्याजवळ बी आहे, सर,’ पोरगी अगदी सरळ मनानं म्हणाली. ‘मंग तुमी काऊन लागता?’

वर्ग हसला. माझाही वर्ग हसला. सर मात्र एवढंच म्हणाले, ‘हा धडा दिवाळीनंतर,’ आणि, पोरांनी नंतर सांगितलं, पृथ्वीच्या पोटाची ओढणी सोडून ज्या पोरीची होती तिला घडी करून परत दिली.

स्टाफरूममध्ये येऊन बसले, तर चहावर साय धरली तरी हात लावला नाही. मी म्हटलं, ‘सर, लेकराचं काय मनावर घेता? मी काय लंडन पाहून इंग्रजी शिकवतो?’

‘तुही गोष्ट अलग आहे शेंडे. तुले इंग्रजी येतच नाई.’ हे अगदी प्रेमानं म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, ‘पोरगी बरोबर बोलली. त्या नाल्यावरच्या म्हातारीनं बी तेच सांगतलं होतं, मी हसून सोडून देल्लं. जलमभर ऐकेल गोष्ट सांगून राह्यलो मी. आता हा धडा माह्या हातून एकदाच होनार. पानी वापस येते, हे मी माह्या डोळ्यानं पाह्यल्याशिवाय शिकवत नाई. नाई पाह्यलं, तं नाई शिकवलं. कोरा जाऊ दे.’

मला तेव्हा कळलं की हे प्रकरण गंभीर आहे. हसणारा माणूस गंभीर झाला की मला भीती वाटते. मी म्हटलं, ‘चाला मंग, जाऊ.’

वहिनी म्हणजे सरांच्या पत्नी, अंगणवाडीत होत्या. त्यांनी ऐकलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. ‘बोडीत गुडघाभर पान्यात उतरत नाई हा मानूस, अन् समुद्र पाहाले चालला! अन् गाडी काऊन पाह्यजे? समुद्राले का धान टाकाले जाता?’

सर म्हणाले, ‘पुस्तकात सागरी महामार्ग आहे. तो बी पाहाचा आहे.’

‘शेंडे भाऊ,’ वहिनी मला म्हणाल्या, ‘गाडी नाई आली तरी चालते. यायले, तुमच्या सराले, तेवढं वापस घेऊन येजा.’

दिवाळीच्या सुट्टीत निघालो. कोल्हापूरपर्यंत रेल्वे, गाडी त्याच रेल्वेच्या पार्सल डब्यात अंगाला पोतं गुंडाळून. सरांनी सामान काय घेतलं? दोन शर्ट, वहिनींची जवसाची चटणी, आणि शाळेतला भिंतीवरचा कापडी नकाशा. दोन्हीकडे दांडके असलेला, गुंडाळून पाठीला बांधलेला. मागं बसल्यावर त्याचं एक दांडकं पूर्ण कोकणभर माझ्या बरगडीत होतं.

घाट उतरून रत्नागिरी ओलांडली आणि गणपतीपुळ्याच्या वाटेवर एका चढावर तो एकदम दिसला. ‘शेंडे, थांबव!’ सर ओरडले. गाडी तेच चालवत होते. कशीबशी थांबली. सर उतरले, हेल्मेट काढलं, आणि बघत राहिले. मला वाटलं, आता डोळ्यात पाणी येणार. तर म्हणाले, ‘हा तं निळा नाई.’

‘नाही ना.’

‘मटमैला आहे. नकाशात चांगला निळा दावते.’ मग मान या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. ‘पन लय मोठा आहे राजा. येवढा मोठा नाई दावत.’

त्यानंतरचे दोन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही, एक तर त्या बरगडीमुळे. रस्ता म्हणजे काय सुंदर! डावीकडे खाली समुद्र, उजवीकडे जांभ्या दगडाचे लालभडक कातळ, मध्येच सुरूचं बन, मध्येच सुकत घातलेल्या मासळीचा भपकारा. एकदम उतार, एकदम चढ, कौलारू घरांच्या पडव्यांना खेटून वळणं. आमच्याकडे दोन गावांत रस्ता सरळ जातो आणि दोन्हीकडे साग उभे; इथं रस्त्याला सरळ जायचं माहीतच नाही. सर समुद्राकडे बघत गाडी चालवायचे आणि समोर बघायचं काम माझ्याकडे. ‘सर, म्हैस!’ ‘सर, एसटी!’ ‘सर, देऊळ!’ प्रत्येक डाव्या वळणाला आपोआप हॉर्न वाजायचा, जणू समुद्राला बाजूला व्हायला सांगतोय. रस्ता आत वळून समुद्र दिसेनासा झाला की सर अस्वस्थ व्हायचे, ‘कुठी गेला बे?’ पुढच्या चढावर तो परत आला की ‘हा पाह्य!’ म्हणून हँडल सोडून टाळी द्यायचे. मी देत नसे. मी दोन्ही हातांनी कॅरिअर धरलेलं असे.

जयगडला खाडी आडवी आली. तिथं गाड्या बोटीत घालून पलीकडे नेतात. सरांनी बोटीतल्या कुणाच्या तरी मोटारीच्या बॉनेटवर तो भलामोठा नकाशा उलगडला आणि खाडी शोधू लागले. तिकीटवाला शांतपणे म्हणाला, ‘गुरुजी, बोट कुठं जाते ते मला माहीत आहे.’ सातवीच्या पोरांनी सरांवर काही प्रश्नही सोपवले होते. त्यातला एक, समुद्राचा मासा खारट असतो का. पलीकडे एका खानावळीत सरांनी मासा मन लावून खाल्ला आणि खानावळवाल्या बाईंना म्हणाले, ‘बाई, हा तं खारट नाई!’ त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या आणि मिठाची वाटी आणून आपटली. सर त्यांना समजावत बसले, की तक्रार नाही, शंका आहे. त्या शेवटपर्यंत तक्रारच समजल्या.

हे सगळं झालं, पण ज्यासाठी आलो ते होईना. जावं तेव्हा पाणी एक तर भरलेलं, नाहीतर लांब गेलेलं. येताना काही दिसेना. सर किनाऱ्यावर उभे राहून टक लावायचे, मग म्हणायचे, ‘हालून राह्यलं, पन येऊन नाई राह्यलं.’ शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी परतीला निघायचं होतं. सरांचा चेहरा उतरला. सकाळी चहा घेताना म्हणाले, ‘नाई दिसलं तं सांगाव लागन पोरीले, समुद्र पाह्यला पन पानी नाई पाह्यलं.’ आणि हे ते चेष्टेत बोलत नव्हते.

गुहागरच्या पुढं एका गावाखाली आम्ही उतरलो. ओहोटी लागून गेलेली, समोर ही लांबरुंद कडक रेती. सर एकदम खूश झाले. ‘शेंडे, ही तं वैनगंगाच!’ आणि गाडी सरळ रेतीत घातली. आता हे आमच्या बाजूच्याच माणसाला सुचणार. आमच्याकडे उन्हाळ्यात नदी म्हणजे मैदान. ट्रॅक्टर नदीत, जत्रेच्या गाड्या नदीत, वऱ्हाडाच्या जीपा नदीत. सरांनी तशीच गाडी पार मध्यापर्यंत नेली, स्टँडवर लावली, हँडलला हेल्मेट अडकवलं, आणि आम्ही वर सुरूच्या सावलीत येऊन भाकरी-चटणी खाल्ली. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, म्हणजे उधाणाची भरती, सर्वांत मोठी, हे सरांनीच मला आदल्या दिवशी दोनदा समजावलं होतं. मग नकाशा उशाला घेऊन पडले. मीही पडलो.

मला जाग आली ती सरांच्या आवाजानं. ‘शेंडे! उठ बे! येऊन राह्यलं! येऊन राह्यलं!’

मी पाहिलं तर रेती निम्मी गायब. सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्याच्या कडेला उभे. हातात सुरूची काडी. रेतीत रेघ मारायचे, पाणी ती पुसायचं, सर मागं सरून दुसरी रेघ मारायचे, पाणी तीही पुसायचं. आणि त्यांच्या पलीकडे, बऱ्याच पलीकडे, लाल फटफटी चाकभर पाण्यात.

‘सर, गाडी!’

‘हो, हो.’

‘सर, गाडी डुबून राह्यली!’

‘थांब शेंडे. पाहू दे.’

असं म्हणाले, आणि हलले नाहीत. मी ओरडत पाण्यात धावलो, पण पोहायला मलाही येत नाही, लाट मांडीला लागली तसा परत आलो. पाणी इंजिनापर्यंत चढलं, सीटपर्यंत चढलं, हेल्मेट सुटून तरंगायला लागलं, आणि शेवटी गाडी एका बाजूला निवांत आडवी झाली. बोडीत गुडघाभर न उतरणारा माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा होता आणि त्याला ते माहीतच नव्हतं. हसत होता, रडत होता, काय करत होता देव जाणे. तोंड सगळं ओलं होतं. मला त्या वेळी त्यांचा भयंकर राग आला, आणि तेवढंच प्रेमही वाटलं.

कोळी लोक धावत आले. त्यांनी दोर बांधून गाडी ओढून काढली. त्यातला एक वयस्कर माणूस म्हणाला, ‘अहो, गाडी पुळणीत कशाला लावलीत?’

‘आमच्याकडं रेतीतच लावतेत,’ सर म्हणाले.

‘आणि पाणी आलं तर?’

‘आमच्याकडं धरणाचं पानी सोडाच्या आधी दवंडी देतेत.’

‘इथं कोण दवंडी देणार? भरतीची वेळ ठाऊक नव्हती तुम्हाला?’

मला राहवलं नाही. मी म्हटलं, ‘भूगोलाचे शिक्षक आहेत. जन्मभर हाच धडा शिकवतात.’

अख्खा किनारा खो खो हसायला लागला. बाया टोपल्या खाली ठेवून हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं सर हसले. ‘तेच तं!’ म्हणाले, ‘समजला आज.’

गाडी टेम्पोत घालून, मग रेल्वेत घालून घरी आणली. वहिनींनी आधी सरांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग गाडीला पाहिलं, आणि मला म्हणाल्या, ‘दोन्ही आनाची काय गरज होती?’ मेकॅनिकनं इंजिन खोललं तर आतून रेती आणि एक लहानसा शिंपला निघाला. गाडी चालू झाली, पण पहिल्यासारखी कधी नाही. खाऱ्या पाण्यानं तिला जागोजाग गंज धरला. सगळ्यात मजा मीटरची. काचेच्या आत थोडं समुद्राचं पाणी आणि चिमूटभर रेती अडकून राहिली ती राहिलीच. मेकॅनिक म्हणाला, काढून देतो. सरांनी त्याला हात लावू दिला नाही.

दिवाळीनंतर तो तास झाला. मी माझ्या पोरांना काहीतरी लिहायला देऊन भिंतीला कान लावला. पृथ्वी नाही, चंद्र नाही, ओढणी नाही. सर एकटेच बोलत होते. ‘पानी आवाज देऊन येत नाई. पह्यले एक पातळ पदर येते, पाय भिजवते अन् जाते. तुमाले वाटते, गेलं. मंग दुसरा येते, तो जरा पुढं येते. तुमी रेघ मारा, तो पुसते. तुमी मांगं सरा, तो तुमच्या मांगं येते. गाडी जागीच असते पोरहो, समुद्र गाडीपाशी येते. हे पुस्तकातलं नाई. हे मी पाह्यलं.’

प्रज्ञानं विचारलं, ‘अन् ओहोटी, सर? पानी जाते कसं?’

‘जाताना मी नाई पाह्यलं,’ सर म्हणाले. ‘आमी गाडी टेम्पोत चढवून राह्यलो होतो. ओहोटी पुस्तकातली आहे. ते तुमीच वाचा.’

मग सगळा वर्ग बाहेर आणून त्यांनी गाडीचा मीटर दाखवला. पोरं रांगेनं येऊन हँडल हलवायची, काचेआड पाणी इकडून तिकडं जायचं. खरा समुद्र! एक पोरगं गंजलेलं मडगार्ड चाटून आलं आणि ओरडलं, ‘खारट आहे बे!’ त्यावर बाकीच्यांनीही चाटलं. मुख्याध्यापक हे बघून आत निघून गेले. भाषणात त्यांनी हा प्रसंग सांगितला नाही.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते सहा-सात वर्षांनी, गडचिरोलीला, पोलीस भरतीच्या मैदानाबाहेर. माझा भाचा भरतीला होता, म्हणून मी गेलो होतो. नुकतं फटफटत होतं. गेटसमोर पोरापोरींचा समुदाय, शेकोट्या, केळीवाले. त्या सगळ्यात ती लाल गाडी आणि तिला टेकून सर. वाळले होते, कलप सोडला होता, आता केस आणि मिशी एका वयाची झाली होती. प्रज्ञाला घेऊन आले होते. तिच्या गावाहून एवढ्या सकाळची एसटी नाही, म्हणून अंधारातच जंगलातून तिला मागं बसवून आणलेली. ‘भरती आहे पोरीची,’ मला म्हणाले, ‘मी नाई येनार तं कोन येनार?’

तेवढ्यात गेट उघडलं आणि गर्दी उसळली. पोरं धावत सुटली. सरांच्या आणि गाडीच्या दोन्ही अंगांनी लोंढा जाऊ लागला. मी ओरडलो, ‘सर, बाजूले व्हा, चेंगरान!’

‘थांब शेंडे,’ ते म्हणाले. ‘पाहू दे.’

दुपारी एकेक जण परत यायला लागला. कुणाचं धावणं कमी पडलं, कुणाची छाती. माझा भाचा तर पहिल्या लोंढ्यातच परत आला आणि केळी खायला लागला. प्रज्ञा बऱ्याच उशिरा आली. गुडघा फुटलेला, डोळे लाल. सरांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘सर, नाई झालं. गोळाफेकीत राह्यली.’

मला वाटलं, आता सर तासभर बोलणार. चंद्र, सूर्य, सरकार, सगळं येणार. पण ते काहीच बोलले नाहीत. गाडीच्या मीटरवर हात ठेवून उभे राहिले. मुख्याध्यापकांनी सांगितलेले मितभाषी सर मी तेवढेच एकदा पाहिले.

मग म्हणाले, ‘जाते कसं, ते मी नाई पाह्यलं, पोरी. पन वापस येते, ते पाह्यलं. माह्या डोळ्यानं. गाडी गेली त्यात.’

पोरगी रडता रडता हसली. सरांनी किक मारली. गाडी नाही म्हणाली. परत मारली, परत नाही. प्रज्ञा फुटक्या गुडघ्यानं मागं जाऊन धक्का द्यायला लागली, मीही हात लावला. थोडं पुढं जाऊन गाडी फुरफुरली, ती पळत जाऊन मागं बसली, आणि चौकात डावीकडं वळताना हॉर्न वाजला.